घरसामान की माल? निवासांतर, सीमाशुल्क आणि भारतीय राज्यसंस्था (१८७८ ते २०१६)

१. प्रस्तावना

एखादे कुटुंब आपला मुक्काम एका देशातून दुसऱ्या देशात हलविते तेव्हा त्याच्याबरोबर घरही हलते. तांब्यापितळेची भांडी, गोधड्या, शिवणयंत्र, देव्हारा, मुलांची पुस्तके, लग्नातील दागिने या साऱ्या चीजवस्तू जुन्या घरात 'घरसामान' या एकाच शब्दात सामावलेल्या असतात. सीमेवरील सीमाशुल्क कचेरीच्या दारात मात्र या शब्दाची फोड होते. प्रत्येक वस्तूला क्रमांक मिळतो, मूल्य मिळते आणि काही वस्तूंना शुल्काचा दरही मिळतो. तेथील अधिकाऱ्यापुढे मूलतः एकच प्रश्न असतो : समोर ठेवलेली वस्तू हे घरसामान आहे की माल?

वरवर पाहता हा प्रश्न प्रशासकीय तपशिलाचा वाटतो. म्हणूनच इतिहासलेखनात त्याची फारशी दखल घेतली गेलेली नाही. आपल्याकडे जकातीचा विचार झाला तो प्रामुख्याने उद्योग आणि व्यापार यांच्या अंगाने. दादाभाई नौरोजी, न्यायमूर्ती रानडे, रमेशचंद्र दत्त यांच्या आर्थिक विवेचनाची परंपरा पुढे नेणाऱ्या अभ्यासकांनी कापडावरील जकात, देशी उद्योगांचे संरक्षण, वसाहतकालीन महसूल या प्रश्नांची सविस्तर चर्चा केली. ट्रंका आणि वळकट्या घेऊन सीमेवर उभे असलेले कुटुंब या चर्चेच्या कडेलाच राहिले. वस्तुतः राज्यसंस्था आणि सामान्य माणूस यांची अत्यंत निकटची गाठ या ठिकाणी पडते. एरवी राज्यसंस्थेला घराच्या उंबरठ्याबाहेर थांबावे लागते. येथे मात्र घरच तिच्यापुढे उघडून ठेवलेले असते.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा तीन प्रसंगांच्या आधारे विचार केला आहे. पहिला प्रसंग पोर्तुगीज अमलाखालील गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांमधील सीमेचा आहे, दुसरा १९५० सालच्या नेहरू-लियाकत कराराचा आणि तिसरा स्वातंत्र्योत्तर काळात परदेशातून मुंबईत परतणाऱ्या भारतीयांचा. काळ, प्रदेश आणि राजकीय परिस्थिती या तिन्ही दृष्टींनी हे प्रसंग भिन्न आहेत. तथापि ते शेजारी ठेवून पाहिल्यास असे दिसते की, राज्यसंस्थेने घरसामान ओळखण्यासाठी शुल्काचा दर, वस्तूचे मूल्य आणि वस्तूचा वापर अशी तीन मापे वेळोवेळी वापरली. यांपैकी 'वापर' हे एकच माप घराच्या स्वरूपाशी जुळणारे आहे. परंतु वापर सिद्ध करणे सर्वांत कठीण असल्यामुळे व्यवहारात तेच मागे पडत गेले. हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. कायद्याच्या भाषेतील घर

प्रथम कायद्याची चौकट पाहणे आवश्यक आहे. १८७८ चा सागरी सीमाशुल्क अधिनियम आणि त्याच्या जोडीला परकीय प्रदेशांशी असलेल्या भूसीमांसाठी १९२४ मध्ये केलेला भूसीमाशुल्क अधिनियम या दोहोंवर स्वातंत्र्यानंतरही दीड दशक भारताचा कारभार चालला. १९६२ चा सीमाशुल्क अधिनियम १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला आणि हे जुने कायदे त्यात विलीन झाले. या अधिनियमाचे अकरावे प्रकरण प्रवासी सामानाविषयी आहे. सामानाच्या मालकाने त्यातील वस्तूंचे घोषणापत्र द्यावे, असे कलम ७७ सांगते. कलम ७९ मध्ये शुल्कमाफीचे तत्त्व आहे. नियमांत ठरविलेल्या किमान मुदतीपर्यंत प्रवाशाच्या वापरात असलेली वस्तू, तसेच जी वस्तू प्रवाशाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या वापरासाठी आहे अथवा खरीखुरी भेट वा स्मरणवस्तू आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटेल ती वस्तू, शुल्काविना सोडता येते.

या कलमात दोन शब्द कळीचे आहेत. पहिला 'वापर' आणि दुसरा 'खात्री'. वापर हा प्रवाशाच्या आयुष्याचा भाग आहे, तर खात्री अधिकाऱ्याच्या मनाचा. एकाच्या आयुष्यातील गोष्ट दुसऱ्याच्या मनात उतरवावयाची, ती बंदराच्या गोदीत आणि थोड्या वेळात, या अडचणीतूनच पुढील सर्व नियमावल्यांचा जन्म झाला.

या कायद्याखालील १९९८ आणि २०१६ या दोन्ही नियमावल्यांमध्ये 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या लक्षणीय आहे. एकाच घरात राहणाऱ्या आणि एकाच गृहव्यवस्थेचा भाग असलेल्या सर्व व्यक्ती म्हणजे कुटुंब, असा त्या व्याख्येचा आशय आहे. येथे रक्ताचे नाते किंवा वारसाहक्क यांचा उल्लेख नाही. कुटुंबाची ओळख घरावरून केली आहे. आपल्याकडील 'एका चुलीवरची माणसे' या जुन्या कल्पनेशी ही व्याख्या सहज जुळते. महसुलाच्या नियमांत घराचे इतके अचूक वर्णन आढळावे हे अभ्यासकाला काहीसे अनपेक्षितच वाटते.

ही कल्पना केवळ भारतीय नाही. १९७३ मध्ये क्योटो येथे झालेल्या आणि १९९९ मध्ये सुधारलेल्या सीमाशुल्कविषयक आंतरराष्ट्रीय करारात निवासांतर करणाऱ्या व्यक्तीच्या व तिच्या कुटुंबाच्या चीजवस्तूंना शुल्कमाफी देण्याचा विचार आलेला आहे. अमेरिकेच्या शुल्कसूचीत परदेशात किमान एक वर्ष प्रत्यक्ष वापरलेल्या घरगुती वस्तूंना माफी आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या विनियमाने वापराची मुदत सहा महिने ठरविली आणि सामान आणल्यानंतर बारा महिने ते विकू वा भाड्याने देऊ नये, अशी अट घातली. ही शेवटची अट विशेष विचारात घेण्याजोगी आहे. वस्तू पूर्वी वापरात होती की नाही एवढेच न पाहता ती पुढेही घरातच राहते की बाजारात जाते, हे तपासण्याचा मार्ग या अटीने खुला ठेवला आहे. घरसामान आणि माल यांतील खरा भेद यातून नेमका व्यक्त होतो. माल विकण्यासाठी असतो, घरसामान राहण्यासाठी.

३. गोमंतक : पुसलेली आणि पुन्हा उमटलेली सीमा

१८७८ या वर्षी सागरी सीमाशुल्क अधिनियम झाला. त्याच वर्षी २६ डिसेंबर रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात हिंदुस्थानातील आपापल्या प्रदेशांपुरता व्यापारविषयक करार झाला. १८८० पासून १८९२ पर्यंत, म्हणजे बारा वर्षे, तो अमलात होता. या करारान्वये गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांमधील सीमाशुल्काची भिंत काढून टाकण्यात आली. मिठाचे उत्पादन व अबकारी यांवर ब्रिटिशांचे नियंत्रण आले आणि त्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये देण्याचे ठरले. मार्मागोवा बंदर ब्रिटिश हिंदुस्थानातील रेल्वेशी जोडण्याच्या योजनेलाही याच कराराने चालना मिळाली व १८८८ मध्ये कॅसलरॉकमार्गे हा लोहमार्ग सुरू झाला.

या कराराचे आर्थिक परिणाम गोव्यातील सामान्य लोकांना जाचक ठरले. मिठागरांवर जगणाऱ्यांची उपजीविका आक्रसली आणि बारदेश, सासष्टी या तालुक्यांतून मुंबईकडे होणारे स्थलांतर वाढले. यातील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या कराराने लोकांना घर सोडावयास भाग पाडले त्याच कराराने त्यांच्या पेटीच्या वाटेतील जकातनाका उठविला होता. शिवाय ब्रिटिश हिंदुस्थानात १८८२ ते १८९४ या काळात बहुतेक आयातशुल्क रद्द झालेले होते. दारू, मीठ, शस्त्रे असे काही अपवाद वगळता आयात वस्तूंवर शुल्कच नव्हते. अशा स्थितीत पेटीत काय आहे, ते वापरलेले आहे की नवे, हे विचारण्याचे कारणच उरत नव्हते. घरसामानाची चौकशी घरामुळे सुरू होत नाही, ती शुल्काच्या दरामुळे सुरू होते, हा या काळाचा पहिला धडा होय.

१८९२ मध्ये कराराची मुदत संपली आणि भिंत पुन्हा उभी राहिली. १८९४ मध्ये पाच टक्क्यांचे सर्वसाधारण आयातशुल्क परत आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर ते साडेसात, अकरा आणि १९२२ पर्यंत पंधरा टक्के असे चढत गेले. दर वाढला तशी तपासणीही अर्थपूर्ण झाली. रेल्वेने येणाऱ्या गोमंतकीयाला पोर्तुगीज हद्दीत कुळे आणि ब्रिटिश हद्दीत कॅसलरॉक अशा दोन ठाण्यांना तोंड द्यावे लागे. घाटाच्या पायथ्याशी एक राज्य सामान पाही आणि घाटमाथ्यावर दुसरे.

हे स्थलांतर एकदाच घडणारे नव्हते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. गोमंतकीय खलाशी, आचारी, वाजंत्री, कारकून मुंबईत येत, काही वर्षांनी गावी जात आणि पुन्हा येत. मुंबईत धोबी तलाव, माझगाव या भागांत गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या 'कूड' नावाच्या वसतिस्थानांत त्यांचा मुक्काम असे. कुडीत माणसाला स्वतंत्र खोली क्वचितच मिळे. त्याची पेटी मात्र ठरलेल्या जागी राही. बोटीवर गेलेल्या खलाशाच्या मागे ती भिंतीलगत त्याची वाट पाही. ही पेटी म्हणजेच त्याचे मुंबईतील घर होते. त्याचे घर एका राज्यात आणि पेटी दुसऱ्या राज्यात असल्यामुळे निवासांतर केव्हा झाले, या प्रश्नाला त्याच्या आयुष्यात नेमके उत्तर नव्हते. कायदा मात्र निवास ही एका ठिकाणची, निश्चित तारखेची गोष्ट मानतो. पुढे आखाती देशांत ये-जा करणाऱ्या कोकणातील कामगारांच्या बाबतीत हीच अडचण पुन्हा दिसते.

गोवा मुक्तिलढ्याच्या काळात भारताने घातलेल्या आर्थिक निर्बंधांमुळे ही सीमा अधिकच कठोर झाली. १९५५ मध्ये रेल्वे वाहतूक थांबली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि घाटावरील ही दोन राज्यांची सीमा कायमची मिटली. एकाच भाषेच्या, एकाच नातेसंबंधाच्या लोकांमध्ये एखादी सीमा किती वेळा पुसली आणि आखली जाऊ शकते याचे हे उदाहरण आहे. घराच्या दृष्टीने त्या बदलांना काहीच तर्क नव्हता. तो सर्वस्वी महसुलाचा आणि मुत्सद्देगिरीचा होता.

४. बंगाल, १९५० : करारात आलेले घरसामान

गोव्याची सीमा जुनी होती आणि तिच्यावरून जाणारा बहुधा परत येण्याच्या विचाराने जात होता. फाळणीने निर्माण केलेल्या सीमेची गोष्ट वेगळी होती. १५ ऑगस्ट १९४७ नंतर काही महिने भारत आणि पाकिस्तान यांच्यात सीमाशुल्काची भिंत नव्हती. १ मार्च १९४८ पासून दोन्ही देशांनी एकमेकांना सीमाशुल्काच्या बाबतीत परकीय प्रदेश मानण्यास सुरुवात केली. पारपत्राची पद्धत या सीमेवर आली ती १५ ऑक्टोबर १९५२ पासून. म्हणजे साडेचार वर्षांहून अधिक काळ माणसाला पारपत्राविना ओलांडता येणारी सीमा त्याच्या सामानाला मात्र परकीय होती. माणसापेक्षा त्याची भांडीकुंडी आधी परदेशी ठरली, असे म्हणावे लागते.

१९५० च्या प्रारंभी पूर्व बंगाल, पश्चिम बंगाल आणि आसाम येथे जातीय दंगली उसळल्या आणि दोन्ही बाजूंनी लाखो लोक निघाले. या पार्श्वभूमीवर ८ एप्रिल १९५० रोजी दिल्ली येथे पंडित जवाहरलाल नेहरू व लियाकत अली खान यांनी अल्पसंख्याकांविषयीच्या करारावर सह्या केल्या. हा करार अल्पसंख्याकांचे हक्क, मंत्र्यांच्या नेमणुका, चौकशी आयोग यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या विरोधात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचे राजीनामे दिले, ही घटनाही सर्वज्ञात आहे. याच करारातील घरसामानाविषयीची कलमे मात्र क्वचितच वाचली जातात.

या कलमांचा आशय असा : पूर्व बंगाल, पश्चिम बंगाल, आसाम व त्रिपुरा येथील स्थलांतरिताला आपल्या वैयक्तिक चीजवस्तू आणि घरसामान हवे तितके बरोबर नेण्याचे स्वातंत्र्य राहील. जंगम मालमत्तेत वैयक्तिक दागिन्यांचा समावेश होईल. रोख रक्कम मात्र प्रौढ व्यक्तीमागे १५० रुपये आणि मुलामागे ७५ रुपये यांपेक्षा अधिक नेता येणार नाही. दागिने किंवा रोकड बरोबर न्यावयाची नसल्यास ती बँकेत ठेवता येईल व तिची पावती मिळेल. सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून स्थलांतरितांचा छळ होणार नाही, आणि याची प्रत्यक्ष खात्री राहावी म्हणून ठरलेल्या प्रत्येक नाक्यावर दुसऱ्या देशाचा संपर्क अधिकारी नेमण्यात येईल.

इतिहासाच्या अभ्यासकाने या तरतुदींकडे तीन कारणांसाठी लक्ष द्यावयास हवे. पहिले कारण असे की, येथे घरसामानाला मूल्याची मर्यादा नाही. 'हवे तितके' हे शब्द कोणत्याही महसुली नियमावलीत सहसा सापडत नाहीत. पैसा आणि घर यांत करारकर्त्यांनी स्पष्ट भेद केला. पैशाला मर्यादा घातली, घराला घातली नाही. दुसरे कारण काळाचे आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. पाकिस्तानने केले नाही. त्या वादातून दोन देशांमधील नेहमीचा व्यापार जवळजवळ ठप्प झाला होता. अशा वेळी, म्हणजे मालाची वाट अडलेली असताना, घरसामानाची वाट मोकळी ठेवण्याचे दोन्ही सरकारांनी मान्य केले. माल आणि घरसामान या निरनिराळ्या गोष्टी आहेत याची यापेक्षा स्पष्ट कबुली आढळणे कठीण. तिसरे कारण छळाच्या उल्लेखाचे. दोन पंतप्रधानांच्या करारात सीमाशुल्क कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या छळाचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला, यावरून त्या आधीच्या दोन वर्षांत नाक्यांवर काय घडत असावे याचा अंदाज बांधता येतो.

कागदावरील तरतूद आणि नाक्यावरील आचरण यांत अंतर असते, हे मान्यच केले पाहिजे. बायकांच्या अंगावरील दागिना, एकुलते शिवणयंत्र, धान्याची कणगी यांचे प्रत्यक्ष काय झाले हे कराराच्या मजकुरावरून समजत नाही. तरीही एक गोष्ट महत्त्वाची उरते. अधिकाऱ्याच्या निर्णयाजवळ एक साक्षीदार उभा करण्याची कल्पना या कराराने मांडली. अधिकाऱ्याची 'खात्री' ही त्याच्या एकट्याची न राहता कोणाच्या तरी देखत व्हावी, हा विचार पुढील कोणत्याही नियमावलीत इतक्या ठळकपणे आलेला नाही.

५. मुंबई : टंचाईच्या काळातील याद्या

बंगालमधील लोक जीव वाचविण्यासाठी निघाले होते. मुंबईच्या बंदरात आणि विमानतळावर उतरणारा प्रवासी बहुतांशी नोकरी-व्यवसायाची वर्षे परदेशात घालवून परतणारा होता. त्याची कोंडी निराळ्या प्रकारची होती. १९४७ चे परकीय चलन नियमन आणि आयात-निर्यात नियंत्रण हे दोन्ही कायदे, तसेच पुढील दशकातील परकीय चलनाची टंचाई यांमुळे बहुतेक उपभोग्य वस्तूंची आयात परवान्याशिवाय अशक्य झाली. प्रवासी सामान मात्र नियमांच्या मर्यादेत या परवानापद्धतीबाहेर राहिले. परिणामी सर्वसामान्य माणसाला परदेशी वस्तू देशात कायदेशीरपणे आणण्याची जी थोडी दारे उरली, त्यांत प्रवासी सामान हे प्रमुख ठरले.

दार एकच असले की त्यातून घुसण्याचा प्रयत्नही होतोच. सोने, घड्याळे, कृत्रिम धाग्याचे कापड यांची चोरटी आयात ही त्या काळातील गंभीर समस्या होती, आणि प्रवाशाची बॅग हा तिचा एक मार्ग होता. १९५५ मध्ये जुन्या अधिनियमात कलम १७८-अ घालण्यात आले आणि जप्त केलेले सोने वा अन्य निर्दिष्ट वस्तू चोरटी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ती सापडली त्याच्यावर आली. १९६२ च्या अधिनियमाने कलम १२३ मध्ये हेच तत्त्व कायम ठेवले. अधिकाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर या कडकपणामागील कारणे खरी होती. परंतु चोरट्या व्यापाऱ्यासाठी विणलेल्या जाळ्यातूनच संसार घेऊन येणाऱ्या कुटुंबालाही जावे लागत होते.

१९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाती देशांत कामगारांची मागणी निर्माण झाली. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील गावांतून, केरळातून, अन्य प्रांतांतून माणसे तिकडे गेली. १९७८ मध्ये प्रवासी सामानासाठी आणि निवासांतरासाठी स्वतंत्र नियमावल्या करण्यात आल्या. त्यानंतर १९९८ मध्ये व पुन्हा २०१६ मध्ये नवीन नियम आले. या नियमावल्यांना जोडलेल्या याद्या हे सामाजिक इतिहासाचे दुर्लक्षित साधन आहे.

१९९८ च्या नियमांतील परिशिष्टे पाहावीत. रंगीत दूरचित्रवाणी संच, धुलाई यंत्र, विद्युत अथवा गॅसची शेगडी, वैयक्तिक संगणक, वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह भट्टी, बशा धुण्याचे यंत्र, फॅक्स यंत्र, संगीतसंच अशी नावे तेथे येतात. शीतकपाटाचे तर ३०० लिटर क्षमतेपर्यंतचे आणि त्याहून मोठे असे दोन वर्ग केलेले आहेत. निवासांतराची सवलत घेणाऱ्या कुटुंबाला अशा वस्तूंचा प्रत्येकी एकच नग आणता येई. परदेशात किमान दोन वर्षे राहिलेले असावे, त्या काळातील भारतभेटींचे दिवस एकूण सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावेत, मागील तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी, या प्रमुख अटी होत्या. सर्वसाधारण प्रवासी सामानावर ३५ टक्के शुल्क असताना निवासांतराच्या सवलतीत यादीतील वस्तूंवर ते १५ टक्के पडे.

ही यादी म्हणजे देशातील मध्यमवर्गीय घराच्या आकांक्षांचे प्रतिबिंब आहे. ज्या वस्तू घराघरांत नव्हत्या, म्हणून ज्यांना बाजारात मोल होते, त्या यादीत आल्या. जुनी भांडी, अंथरुणे, पुस्तके यांची स्वतंत्र नोंद करण्याची गरज भासली नाही, कारण ती कोणी विकत घेणार नव्हते. संगणकाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. एके काळी मर्यादित सवलतीची वस्तू असलेला संगणक देशात सहज मिळू लागल्यानंतर अंगाखांद्यावरचा लॅपटॉप प्रौढ प्रवाशाला शुल्काविना आणता येऊ लागला. उलटपक्षी फॅक्स यंत्राचे नाव, त्याचा वापर जवळजवळ संपलेला असतानाही, २०१६ च्या यादीत टिकून राहिले. घर पुढे गेले, यादी मागे राहिली.

यादी ही घरासाठी नसून अर्थव्यवस्थेसाठी असते याचे स्पष्ट उदाहरण २०१३ मध्ये मिळाले. रुपयाची घसरण होत असताना त्या वर्षीच्या ऑगस्टपासून सपाट पडद्याचा दूरचित्रवाणी संच सर्वसाधारण प्रवाशाच्या शुल्कमुक्त सवलतीतून वगळण्यात आला. संच तोच, प्रवासी तोच. बदलली होती ती रुपयाची किंमत.

सोबत न आणलेल्या, म्हणजे जहाजाने मागाहून येणाऱ्या सामानाचे नियम अधिक तपशीलवार होते. ते प्रवाशाच्या आगमनापूर्वी दोन महिन्यांपेक्षा आधी पोचू नये आणि आगमनानंतर एक महिन्याच्या आत परदेशातून रवाना व्हावे. आजारपण, नैसर्गिक आपत्ती, अशांतता किंवा वाहतुकीतील खंड या कारणांसाठी लवकर पोचलेल्या सामानाची मुदत अधिकाऱ्याला वाढविता येई. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाल्यावर अशा सामानाच्या पेटाऱ्यांचा मोठा ओघ तिकडे वळला. खोक्यांना क्रमांक द्यावयाचे, प्रत्येक खोक्यातील वस्तूंची यादी करावयाची, तिच्यापुढे वापराची वर्षे आणि अंदाजे मूल्य लिहावयाचे, कस्टम हाउस एजंटाच्या मदतीने घोषणापत्र भरावयाचे, पारपत्रावरील शिक्क्यांवरून परदेशातील दिवस मोजून दाखवावयाचे, असा हा क्रम असे. घरातील गृहिणीने जन्मभर मनात ठेवलेली मोजदाद येथे प्रथमच कागदावर उतरे, तीही शुल्काच्या भाषेत.

६. पुराव्याचा भार

वापर हे घरसामानाचे खरे लक्षण असले तरी वापराला पावती नसते. नवी वस्तू आणणाऱ्याजवळ दुकानाचे बिल असते. आईने दिलेल्या कढईचे बिल कोणाजवळ असणार? म्हणजे जी वस्तू निःसंशय घराची आहे तिच्याविषयीच पुरावा सर्वांत कमी, असा हा पेच आहे. नियमकर्त्यांनी त्यातून वाट काढली ती मूल्याची मर्यादा ठरवून. २०१६ च्या नियमांत परदेशातील वास्तव्याप्रमाणे पायऱ्या करण्यात आल्या : तीन ते सहा महिन्यांसाठी ६०,००० रुपये, सहा महिने ते एक वर्ष यासाठी १ लाख, मागील दोन वर्षांत किमान एक वर्षासाठी २ लाख आणि दोन वर्षे वा त्याहून अधिक वास्तव्यासाठी ५ लाख रुपये. या पायऱ्यांमुळे अल्पकाळ परदेशी राहिलेल्यांचीही सोय झाली, हे नमूद केले पाहिजे. परंतु घराचे माप आता वर्षे आणि रुपये यांत घेतले जाऊ लागले.

मूल्याचे माप किती अस्थिर असते हे दागिन्यांच्या बाबतीत प्रकर्षाने दिसते. एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या प्रवाशासाठी २०१६ च्या नियमांत पुरुषाला २० ग्रॅम व ५०,००० रुपये आणि स्त्रीला ४० ग्रॅम व १ लाख रुपये, अशी वजन आणि मूल्य यांची दुहेरी मर्यादा होती. २०२५ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपयांच्या पलीकडे गेला. तेव्हा ४० ग्रॅमची मुभा कागदावर तशीच राहिली आणि मूल्याच्या अटीमुळे ती प्रत्यक्षात १० ग्रॅमच्याही आत आली. मंगळसूत्र आणि दोन बांगड्या असा साधा ऐवज असलेली स्त्री, तिच्या दागिन्यांत गुंजभरही भर पडलेली नसताना, केवळ बाजारभावामुळे मर्यादेबाहेर गेली. वापर बदलला नव्हता, घर बदलले नव्हते. बदलले होते ते माप.

न्यायालयांनी या बाबतीत अनेकदा वापराच्या तत्त्वाकडे लक्ष वेधले आहे. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाचे स्वतःच्या उपयोगाचे दागिने हे वैयक्तिक चीजवस्तूंत मोडू शकतात, १९९८ च्या नियमांतून ते सरसकट वगळता येणार नाहीत, असा दृष्टिकोन सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्वीकारला. मात्र ज्याला न्यायालयापर्यंत जाता येते त्यालाच असा न्याय मिळतो. नाक्यावर रात्री उतरलेले, लहान मुलांना झोप आलेली, पुढची गाडी गाठावयाची असलेले कुटुंब बहुधा वाद घालीत नाही. ते मागितलेले शुल्क भरते किंवा वस्तू मागे ठेवते. निवासांतराचा क्षण हा माणसाच्या आयुष्यातील दुर्बलतेचा क्षण असतो. जुने घर सुटलेले असते आणि नवे अजून लागलेले नसते. नेमक्या त्याच क्षणी पुराव्याचा भार त्याच्यावर येतो.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. गोव्याच्या सीमेवर १८८० ते १८९२ या काळात शुल्कच उरले नाही, म्हणून घरसामानाचा प्रश्न उद्भवला नाही. शुल्क परतले तसा प्रश्नही परतला. बंगालमध्ये १९५० साली दोन सरकारांनी घर आणि पैसा यांत भेद केला, घराला मर्यादा घातली नाही आणि अधिकाऱ्याच्या निर्णयाजवळ साक्षीदार उभा केला. मुंबईत स्वातंत्र्योत्तर टंचाईच्या काळात राज्यसंस्थेने यादी आणि मूल्य यांचा आधार घेतला. त्यातून चोरट्या आयातीला काही प्रमाणात आळा बसला असेल; पण अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये प्रथमस्थानी असलेले वापराचे तत्त्व व्यवहारात शेवटच्या स्थानी गेले.

राज्यसंस्थेने तपासणीच सोडून द्यावी, असे या विवेचनातून सुचवावयाचे नाही. तपासणी नसेल तर घरसामानाच्या नावाखाली व्यापार चालेल, हे इतिहासानेच दाखविले आहे. परंतु वापराची कसोटी पुन्हा केंद्रस्थानी आणण्याचे मार्ग अन्यत्र वापरात आहेत. आणलेले सामान ठराविक काळ विकू नये ही अट त्यांपैकी एक. ती प्रवाशाच्या भूतकाळाचा पुरावा मागत बसण्याऐवजी त्याच्या भविष्यकाळातील वर्तनावर विश्वास टाकते, आणि तो मोडल्यास शासन करण्याचा अधिकार राखून ठेवते. शंकित वस्तूचा निर्णय कोणाच्या तरी देखत व्हावा, हा १९५० च्या करारातील विचारही आज पुन्हा पाहण्याजोगा आहे.

शेवटी अध्यापक-संशोधकांपुढे एक सूचना ठेवाविशी वाटते. कोकण, गोवा, मुंबई येथील अनेक घरांत जुन्या सामानाच्या याद्या, घोषणापत्रांच्या प्रती, शुल्क भरल्याच्या पावत्या, जुन्या पारपत्रांवरील नोंदी आजही पडून आहेत. घरात काय होते, काय बरोबर घेतले, काय मागे ठेवले आणि कशाचे मोल किती मानले गेले, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे दुसरे साधन क्वचितच मिळेल. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने हे कागद आणि त्यांमागील आठवणी संकलित केल्यास स्थलांतराचा इतिहास आकड्यांपलीकडे जाऊन घरापर्यंत पोचेल. हे काम लवकर हाती घेतले पाहिजे, कारण निवासांतराच्या वेळी जे कागद जिवापाड जपले जातात तेच नव्या घरात स्थिरावल्यावर सर्वांत आधी रद्दीत जातात.